मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

निवडणूक, मतमोजणी सगळं उरकलं. मतदान केंद्राचा कागद वर्गाच्या दारावर अजून तसाच चिकटलेला आहे, पण बाकं जागेवर आली. भूगोलाच्या सरांचं आठवीला ‘पृथ्वीचे अंतरंग’ केव्हाच शिकवून झालंय. कवच, प्रावरण, गाभा पोरांना तोंडपाठ. सहज विचारलं, आपण बसलोय त्या फरशीखाली काय आहे? सगळे एका सुरात, “कवच!” उत्तर पैकीच्या पैकी मार्कांचं, आणि त्यात जुन्नर तालुका कुठेच नाही.

मग विचारलं, उन्हाळ्यात विहीर कुणाकडे खणली? दोघातिघांनी हात वर केले. त्यातला एक, एरवी प्रश्न आला की वहीत तोंड घालणारा, उभा राहिला आणि थांबेचना. “वर माती, मॅडम, हातभर. मग मुरूम. मग मांजऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा, तो फुटतो. मग काळा पाषाण, त्याला सुरुंगच लागतो. त्याच्या खाली लाल पट्टा लागला, तिथून पाणी पाझरायला लागलं. आजोबा म्हणले, बास करा. पण चुलत्यानं अजून खणलं, तर परत मांजऱ्या!”

तो सांगत गेला, मी फळ्यावर काढत गेले. वर्गात एवढी शांतता मी प्रकाशसंश्लेषणाला कधी पाहिलेली नाही. मग मी फक्त त्याच्या थरांना कारणं जोडली. लाव्हा पसरला की त्यातले वायू वर येतात, वरच्या अंगाला बुडबुड्यांची भोकं राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून पांढरी खनिजं त्या भोकांत भरतात, तो मांजऱ्या. खालचं अंग सावकाश, घट्ट निवतं, तो काळा पाषाण. आणि लाल पट्टा म्हणजे मधली सुट्टी. लाव्हा थांबला, दगड झिजून वर माती धरली, आणि नंतर आलेल्या नव्या लाव्ह्यानं ती माती भाजून काढली. तुमच्या विहिरीत दोन लाव्हे आहेत म्हटल्यावर पोरगा खाली बसायलाच तयार नव्हता.

“आणि अजून खाली गेलं तर?” कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोकं पाडली, त्यातल्या एकात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइट लागला, तो याच्यापेक्षा कितीतरी जुना. आणि वर जायचं तर कळसूबाई, १६४६ मीटर, तीही लाव्ह्यावर लाव्हा. यावर मागून आवाज आला, “एवढा लाव्हा आला तर मग किती दिवस लागले?” दिवस म्हणाला तो. परवा सुतळी आणायला हवी.

बुधवार, २७ नोव्हेंबर

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. हा आकडा फळ्यावर लिहिला की मुलं तो मुकाट उतरवून घेतात, त्यापलीकडे काही घडत नाही. आज वाण्याकडून सुतळीचा गुंडा आणला. एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं, एवढाच नियम. मोजायला मुलांनाच लावलं. ४५ मीटर ४० सेंटिमीटर झाली. पटांगणात सरळ मावेना, म्हणून झेंड्याच्या खांबाला वळसा घालून हौदापर्यंत नेली. हौदाकडचं टोक म्हणजे आज.

तिथून मागे मोजत एकेकाला उभं केलं. जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या खुणा ३५ मीटरवर. हवेत प्राणवायू साठायला लागला तो २४ मीटरवर. कवचांचे, पायांचे प्राणी मोठ्या संख्येनं दिसायला लागतात ते अगदी अलीकडे, ५ मीटर ४० सेंटिमीटरवर. डायनोसॉर सव्वादोन-अडीच मीटरवर आले, ६६ सेंटिमीटरवर संपले. आपला डोंगर घडवणारा लाव्हाही तिथेच, ६६ सेंटिमीटरच्या आसपास. भारत आशियाला जाऊन भिडला तो अर्ध्या मीटरच्या आगेमागे. माणूस, म्हणजे आपली जात, शेवटचे ३ मिलिमीटर.

२० मीटरवर उभा केलेला पोरगा वैतागला. “मॅडम, माझ्याकडं काहीच होत नाही. मी कोण?” तू सूक्ष्मजीव. “आणि हा?” तोही सूक्ष्मजीव. पलीकडचीही. सुतळीचा अर्ध्याहून जास्त भाग असा सूक्ष्मजीवांच्याच ताब्यात आहे हे पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून कधीच कळत नाही. तिथे प्रत्येक युगाला सारखाच चौकोन मिळतो, आणि डायनोसॉरच्या चौकोनाला रंग जास्त.

शिवनेरी इथून समोर दिसतो, त्यामुळे पुढचा प्रश्न येणारच होता. महाराजांचा जन्म कुठे दाखवायचा? १६३० साल. हिशेब मुलांनी केला, ०.००४ मिलिमीटर. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षांचा धरला तरी ०.०२ मिलिमीटर. डोक्याचा केस त्याहून जाड. पेन्सिलीची खूण करायचीच तर त्या एका खुणेत सगळा लिहिलेला इतिहास बुडतो. एक मुलगी बराच वेळ टोकाकडे बघत होती, मग म्हणाली, “मग इतिहासाचं पुस्तक एवढं जाड कसं काय?”

इतिहासाच्या बाईंना सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळची शाळा. पोरांना डायनोसॉर पाहिजे. त्यांचं चुकत नाही, पुस्तकांत उत्क्रांतीचा पुरावा म्हणून जीवाश्म असतातच आणि आमच्या पायाखाली नेमके तेच नाहीत. हजार अंशांहून तापलेला लाव्हा काही जपून ठेवत नाही. जपला जातो तो मधल्या सुट्टीतला गाळ, दोन लाव्ह्यांमधल्या तळ्यांचा. मुंबईत वरळीला असा गाळ सापडला आणि त्यात इवलेसे बेडूक. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने छापलं. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ मध्ये डायनोसॉर हे नाव प्रचारात आणलं. नागपुरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८५०च्या दशकात अशाच थरांतून गोगलगायी आणि झाडांचे अवशेष गोळा करत होता.

खरे डायनोसॉर हवे असतील तर चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव. तिथला लांब मानेचा इसिसॉरस १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला (नाव भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेलं, आठवीच्या पोरांनी ते ऐकल्यावर एकमेकांकडे बघितलं ते वेगळ्याच कारणानं). विदर्भात का आणि आपल्याकडे का नाही, हे पोरांनीच सांगितलं. तिकडे लाव्ह्याची चादर पातळ आहे, तिच्या खालचे, मधले गाळाचे थर उघडे पडलेत. आपण चादरीच्या जाड भागावर राहतो.

मंगळवार, ३ डिसेंबर

सुतळीवर ६६ सेंटिमीटरला दोन पाट्या शेजारी शेजारी आल्या होत्या, ते कुणीतरी हेरलंच. “मॅडम, म्हणजे डायनोसॉरांना आपल्या डोंगरानं मारलं?” वर्गात गोंधळ. आपला सह्याद्री आरोपी कसा काय? म्हणून आज खटला भरवला.

फिर्यादीकडून: लाव्हा थोडाथोडका नव्हता, झिजून झिजून उरलाय तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातून गंधकाचे आणि कार्बनचे वायू निघाले, हवामान बिघडलं. बचावाकडून: लाव्हा त्या विनाशाच्या आधीच सुरू झाला होता आणि नंतरही चालू राहिला. मग प्राणी नेमके एकाच क्षणी का गेले? बचावाने दुसरा संशयितही उभा केला. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात इरिडियमचा पातळ थर दाखवला. हा धातू जमिनीवर फार दुर्मीळ, अशनींमध्ये पुष्कळ. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूबचं विवर ओळखलं गेलं, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं.

निकाल तीन मुलींच्या खंडपीठाने दिला: मुख्य आरोपी लघुग्रह, डोंगर साथीदार, शिक्षेबाबत मतभेद. शास्त्रज्ञांचंही बरंचसं असंच आहे. लघुग्रहाचा वाटा मोठा हे बहुतेकांना मान्य, डोंगराचा वाटा किती यावर अजून भांडण चालू. मला निकालापेक्षा दुसरंच बघायचं होतं. बचावाच्या वकिलाने “आधी कोण आलं?” हा मुद्दा काढला तेव्हा तो विहिरीची भाषा बोलत होता. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हे त्याला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं.

निर्दोष सुटलेले कोण, असंही कुणीतरी विचारलं. कोंबडी, म्हटलं. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज. उद्या आपापल्या कोंबडीच्या पायावरचे खवले बघून या.

गुरुवार, ५ डिसेंबर

शिक्षक खोलीत आज दशावतार. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे उत्क्रांती आपल्याकडे आधीच सांगितलेली होती, असं एका सरांचं म्हणणं. जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही या क्रमाची गंमत वाटली होती, तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. पण मला क्रमाचं फार कौतुक नाही. उत्क्रांतीत क्रम ही शेवटी हाती येणारी गोष्ट. खरा माल आहे तो ‘कसं’ या प्रश्नात. अवतार कारणासाठी येतो, कुणाला तरी वाचवायला. अळी कुणाला वाचवायला येत नाही. सर म्हणाले, अळीचं काय मधेच? सोमवारी सांगते म्हटलं.

खोलीतून बाहेर पडताना मात्र वाटलं, आम्ही भांडतोय तरी. पाचवीच्या परिसर अभ्यासात उत्क्रांतीचा छोटा पाठ, सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार, आठवीत अंतरंग, आणि मग एकदम दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिला धडा. दहावीत मुलाला डार्विन भेटतो तो ‘फरक स्पष्ट करा’ या वेशात. एनसीईआरटीने तर २०२२ मध्ये दहावीच्या पुस्तकातून तो भाग काढूनच टाकला, ओझं कमी करायला. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना हा विषय जड जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या वयाच्या पोरांना प्रश्न विचारताना ऐकलेलं नाही. जड जातो तो पंधराव्या वर्षी, कारण तेव्हा प्रश्न विचारायला वेळ नसतो.

सोमवार, ९ डिसेंबर

टोमॅटो. नारायणगावचा बाजार जवळ, वर्गातल्या निम्म्या घरांत टोमॅटो. विचारलं, फळ पोखरणाऱ्या अळीला कोणतं औषध मारता? नावं धडाधडा आली, माझ्या फवाऱ्याच्या ज्ञानापलीकडची. आधी कोणतं मारायचे? ती नावं वेगळी. का बदललं? “आता त्याला अळी मरत नाही, मॅडम. सवय झाली तिला.”

इथेच थांबायचं होतं. सवय कुणाला झाली? एक अळी घ्या. तिच्यावर फवारा पडला. तिला सवय व्हायला वेळ मिळाला का? नाही, ती मेली. मग सवय झालेली कोण? पोरं अडकली. फळ्यावर शंभर अळ्या काढल्या, मुलांनीच येऊन अठ्ठ्याण्णव पुसल्या. दोन उरल्या. का उरल्या? शूर होत्या म्हणून नाही, शिकल्या म्हणूनही नाही. त्यांच्या अंगात औषध पचवणारं काहीतरी जन्मापासूनच होतं, फवाऱ्याच्या आधीपासून. फवाऱ्याने फक्त बाकीच्या काढून टाकल्या. आता पुढच्या पिढीचे आईबाप कोण? हेच दोघे. मादी शेकडो अंडी घालते, उन्हाळ्यात महिनाभरात पिढी फिरते. चार फवारण्यांनंतर शेतात कोण असेल ते वहीत काढा.

वह्या बघताना एकीने शेवटच्या चौकोनाखाली लिहिलेलं सापडलं: ‘अळी बदलली नाही. अळ्या बदलल्या.’ दहावीच्या कुठल्याही आदर्श उत्तरपत्रिकेत यापेक्षा बरं उत्तर मी वाचलेलं नाही. जिराफाने मान ताणली आणि ती लांब झाली, ही लामार्कची चूक मुलं पाठ करतात आणि तीच चूक शेतात करतात, कारण जिराफ त्यांनी पाहिलेला नाही. अळी रोज बघतात.

मंगळवार, १० डिसेंबर

रात्री एका वडिलांचा फोन. “मॅडम, पोरगं म्हणतंय आम्हीच अळी तयार केली. खरं हाय का?” म्हटलं, तयार नाही केली, निवडली. थोडा वेळ गप्प. मग, “बरं, मग आता मारू काय?” तेवढं मला येत नाही. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा नको, गट बदलत राहा, एवढं सांगितलं आणि कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवलं. माझ्या शिकवण्याचा कुणी इतका रोकडा हिशेब मागितला नव्हता.

बुधवार, ११ डिसेंबर

ऊसतोड सुरू झाल्यापासून वस्तीवरची मुलं घोळक्यानेच येतात, पुढे-मागे एक मोठं माणूस. काल कुणाच्या तरी फडात बिबट्याची पिल्लं निघाली. साहजिकच आज वर्गात बिबट्या. “मॅडम, ते उसातच जन्मतात, उसातच वाढतात. म्हणजे उसाचे बिबटे वेगळे झाले का? उत्क्रांत?”

कालपरवाच्या अळीवरून केलेली ही उडी मला फार आवडली. उत्तर नाही असं आहे, निदान आत्ता तरी. कुकडीची धरणं झाली, पाट आले, ऊस वाढला, या सगळ्याला किती वर्षं? आजोबांच्या आठवणीत बसतील एवढी. बिबट्याच्या पिढ्या किती झाल्या मग? मुलांनी दहा-पंधरा काढल्या. आणि फवाऱ्यासारखं शंभरातले अठ्ठ्याण्णव कोणी काढून टाकलेत का? बिबट्या मुळातच काहीही खाणारा, कुठेही राहणारा. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांतल्या बिबट्यांचं खाणं तपासलं, तर त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. जंगलात सांबर-भेकर मारणारा तोच बिबट्या इथे कुत्री मारतो. वागणं बदललं, जात नाही. पिल्लू आईकडून ऊस शिकतं, पण शिकलेलं रक्तातून पुढे जात नाही.

“मग माणसाचं पण तसंच? मोबाइल शिकलो ते रक्तात नाही?” नाही. पोराला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

माकडाचा प्रश्न आज आला, इतका उशिरा कसा याचंच नवल. माकडापासून माणूस झाला तर लेण्याद्रीची माकडं अजून माकडंच कशी? या प्रश्नाला मी व्याख्यान देत नाही. घरचं विचारते. तुझा चुलतभाऊ तुझा बाप आहे का? हशा. तुम्हा दोघांचं सामायिक कोण? आजोबा. आजोबा तू पण नव्हे, चुलतभाऊ पण नव्हे. चिंपांझी आपला चुलत. दोघांचे आजोबा सुतळीवर ६-७ सेंटिमीटरवर. लेण्याद्रीचं माकड अजून लांबचं, भावकीतलं. दोन्हीकडची माणसं आपापल्या वाटेनं बदलत आली, कुणी कुणाची वाट अडवून थांबलेलं नाही.

“त्या आजोबांचं नाव काय?” नाव नाही. हाडंही फारशी मिळालेली नाहीत. पोरगी म्हणाली, श्राद्धाला काय म्हणत असतील मग. उत्क्रांतीवरचा एवढा अस्सल मराठी आक्षेप मी ऐकला नव्हता, आणि त्यावर माझ्याकडे उत्तरही नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

बोरी गावची सहल. शाळेने गाडीला परवानगी दिली, पण खर्च पालकांवर. तिघांचे पैसे आम्ही शिक्षकांनी घातले. कुकडीच्या काठाला गाळाच्या थरांत ती फिकट राख. हातात घेतली की पिठासारखी बारीक, उन्हात धरली की किंचित चमकते, कारण ती काचेचे कण आहे. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. नकाशावर मोजून घेतलं, तीन हजार किलोमीटरहून जास्त. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ही राख उजेडात आणली, आणि तिच्या सोबतच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. म्हणजे इथे कुकडीच्या काठी माणूस होता. आपल्याच जातीचा की आधीच्या, ते राखेच्या वयावर ठरतं.

आणि वयावरच भांडण आहे. टोबा एकदाच फुटला नाही. मोठा स्फोट सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याआधीचा एक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा. बोरीची राख यातली कोणती, यावर शास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. विहिरीवाला पोरगा चिडला. “एवढे शिकलेले लोक, आणि पाऊण मिलिमीटर का आठ मिलिमीटर एवढं ठरवता येत नाही?” पोरगा मिलिमीटरमध्ये चिडत होता, हे माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाही.

मी काही बोलायच्या आत खंडपीठातली एक मुलगी त्याला समजावू लागली. राख वाहून दुसरीकडे साठली असेल तर? म्हणजे ती आधी पडली असेल आणि नदीने नंतर इथे आणून टाकली असेल. मग राखेचं वय वेगळं आणि थराचं वेगळं. मग कुऱ्हाड कशाच्या वयाची धरायची? तो म्हणाला, राखेच्या खाली कुऱ्हाड आहे का वर आहे, ते बघायचं. ती म्हणाली, पण नदीने उलटसुलट केलं असेल तर? मग दोघं काठावर उकिडवे बसून थर मोजायला लागले. खाली उतरू नका, माती ढासळते, असं मी चार वेळा सांगितलं. भूगोलाचे सर पाचव्यांदा सांगायला गेले आणि त्यांच्यातच बसले.

परतीला गाडीत वाद चालूच. दोघांचं एवढ्यावर मिटलं की कुऱ्हाडीवर राख चिकटलेली आहे का ते कुणीतरी भिंगाखाली बघायला हवं. आता सोमवारी डेक्कन कॉलेजला पत्र लिहायचं आहे. मसुदा ते दोघे करणार, मराठीत, आणि शुद्धलेखन मी तपासायचं नाही असं ठरलंय.